८०७ची कुळकथा

जुन्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या घरी माळ्यावरचा खोका खाली काढला, तर त्यात बहुधा एखादा ८०७ व्हॉल्व्ह निघतो. पावणेसहा इंचांच्या आसपास उंची, दोन इंचांची जाडी, खांद्याशी आत वळलेली काच, खाली पाच पायांची बैठक आणि माथ्यावर धातूची छोटी टोपी. काचेच्या आत काळपट प्लेट आणि तिच्या आसपास चांदीसारखा चकाकणारा एक डाग दिसतो. हा डाग बेरियमचा. आत उरलीसुरली हवा शोषून घेणे हे त्याचे काम. डाग चकचकीत असेल तर व्हॉल्व्हकडून अजून आशा आहे. तो दुधासारखा पांढरा पडला असेल, तर काचेला कुठेतरी बारीक चीर जाऊन हवा आत शिरली आहे आणि व्हॉल्व्ह संपला आहे.

हौशी ट्रान्समीटर बांधणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या या एका व्हॉल्व्हवर शिकल्या. आजही जगभर जी मंडळी जुने ट्रान्समीटर पुन्हा चालू करतात किंवा जुन्या आराखड्यांवरून नवे बांधतात, त्यांच्या बोलण्यात हे नाव सारखे येते. खरे तर ८०७ कोणी हौशी लोकांचा विचार करून जन्माला घातला नव्हता. त्याचा बाप लाऊडस्पीकरसाठी बनला होता, त्याचे स्वतःचे तारुण्य युद्धात गेले, आणि भंगाराच्या वाटेने तो हौशी लोकांच्या टेबलावर पोचला. तरीही तो सर्वाधिक शोभला याच टेबलावर, असे माझे मत आहे.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. १९०४ मध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी दोन टोकांचा निर्वात दिवा, म्हणजेच व्हॉल्व्ह, बनवला. तापलेल्या तारेकडून प्लेटकडे वीज एकाच दिशेने जात असे. त्यामुळे बिनतारी संदेश ओळखण्यासाठी तो उपयोगी पडला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे टोक घातले, ते म्हणजे ग्रिड. ग्रिडवरचा अगदी क्षीण बदल प्लेटच्या प्रवाहात मोठा होऊन दिसे. पण हे का घडते, याचा नीट उलगडा खुद्द डी फॉरेस्टना झालेला नव्हता. तो केला कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँग या तरुणाने. प्लेटकडची थोडी शक्ती ग्रिडकडे परत फिरवली की आवाज कितीतरी वाढतो, आणि आणखी फिरवली की व्हॉल्व्ह स्वतःच अखंड लहरी निर्माण करू लागतो, हे त्याने १९१२-१३ च्या सुमारास दाखवले. ट्रान्समीटर म्हणून व्हॉल्व्हचा जन्म तिथला.

तोपर्यंत हौशी लोक ठिणगीवर संदेश पाठवत. दोन गोळ्यांमध्ये ठिणगी उडवायची आणि तिच्या तडाख्याने एरियल हलवायची. असा संदेश पट्टाभर पसरे आणि शेजारच्या प्रत्येकाला त्रास देई. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने या मंडळींना २०० मीटरपेक्षा आखूड लहरींवर ढकलले. कारण सरळ होते. त्या लहरी लांब जात नाहीत, त्या कोणाच्या कामाच्या नाहीत, अशी जाणकारांची समजूत होती. व्हॉल्व्हने ती खोटी पाडली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हे अमेरिकन हॅम स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसन येथे समुद्रकिनारी तंबू ठोकून कानाला हेडफोन लावून बसले आणि त्यांना कनेक्टिकटमधल्या ग्रिनिचच्या 'वन बीसीजी' या हौशी केंद्राचा संदेश स्वच्छ ऐकू आला. ते केंद्र व्हॉल्व्हचे होते, आणि ते उभारणाऱ्यांत आर्मस्ट्राँगही होते. पुढे नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या नीसमधले लेऑं देलॉय आणि अमेरिकेतल्या हार्टफर्डचे फ्रेड श्नेल यांनी ११० मीटरच्या आसपास अटलांटिक ओलांडून एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण केली. ज्या लहरी टाकाऊ म्हणून हौशी लोकांच्या पदरात घातल्या होत्या, त्यांच्यासाठी मग जगभरची सरकारे आणि कंपन्या भांडू लागल्या.

आपल्याकडेही याच सुमारास सुरुवात झाली. १९२१ मध्ये कलकत्त्यात अमरेंद्र चंद्र गुप्तू आणि मुकुल बोस हे भारतातले पहिले परवानाधारक हॅम झाले.

१९२०च्या दशकातले ट्रान्समीटर आज कोणी हौसेने पुन्हा बांधतो, तेव्हा बहुधा 'टाइप १०' हा व्हॉल्व्ह शोधतो. तो अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा, १९२५ चा. साडेसात वॉट देण्यासाठी बनवलेला, पण त्याच्याकडून त्याहून बरेच जास्त काढून घेतले जाई. त्या काळच्या लाकडी फळीवर तांब्याच्या नळीची मोठी कॉइल, एक बदलता कंडेन्सर आणि एक व्हॉल्व्ह, एवढ्यात ट्रान्समीटर होई. दिसायला देखणा, पण चालीला भित्रा. एरियल वाऱ्याने हलली तरी फ्रिक्वेन्सी हले. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर नियम कडक झाले, आणि १९२९ पासून संदेश स्थिर व स्वच्छ असणे भाग पडले. मग क्वार्ट्झचा स्फटिक फ्रिक्वेन्सी धरून ठेवणार, आणि दुसरा व्हॉल्व्ह ती शक्तिमान करून एरियलला देणार, अशी दोन टप्प्यांची मांडणी रूढ झाली. या दुसऱ्या टप्प्याला साजेसा, स्वस्त आणि दमदार व्हॉल्व्ह हवा होता.

तो आला वेगळ्याच घरातून. रेडिओच्या स्पीकरला जास्त आवाज देणारे व्हॉल्व्ह बनवताना एक अडचण येई. प्लेटवर इलेक्ट्रॉन जोरात आदळले की तिथून आणखी इलेक्ट्रॉन उडत आणि ते उलटे फिरून शेजारच्या दुसऱ्या, म्हणजे स्क्रीन ग्रिडकडे पळत. फिलिप्स कंपनीत तेलेगेन यांनी १९२६ मध्ये दोघांच्या मधोमध तिसरी ग्रिड घालून हे थांबवले. तो पेंटोड. त्याचे पेटंट फिलिप्सकडे. पेटंट न ओलांडता तेच काम कसे साधावे, या शोधात इंग्लंडच्या ईएमआयमधले कॅबट बुल आणि सिडनी रोडा यांनी १९३३ मध्ये इलेक्ट्रॉनांना दोन पट्ट्यांच्या मधून झोतासारखे वळवण्याची युक्ती काढली. झोत दाट झाला की त्या दाटीनेच उलटे येणारे इलेक्ट्रॉन परतवले जातात, जादा ग्रिड लागतच नाही. मार्कोनी-ओसराम कंपनीने असा व्हॉल्व्ह १९३५ मध्ये दाखवला, पण तो मोठ्या संख्येने बनवणे त्यांना जिकिरीचे वाटले. विद्या अमेरिकेत आरसीएकडे गेली. तिथे ओटो शाडे यांच्या अभ्यासातून १९३६ मध्ये '६एल६' बाहेर पडला.

हीच आतली रचना पुढे ८०७मध्ये आली. फुटलेला ८०७ मिळाला तर फेकून देऊ नका, प्लेट कापून आत पाहा. मधोमध पांढऱ्या लेपाचा चपटा कॅथोड. त्याच्याभोवती केसासारख्या तारेची कंट्रोल ग्रिड, तिच्याबाहेर स्क्रीन ग्रिड. दोन्हींचे वेढे अगदी सारख्या अंतरावर आहेत, आणि बाहेरची प्रत्येक तार आतल्या तारेच्या बरोबर मागे लपलेली आहे. कॅथोडकडून निघालेले इलेक्ट्रॉन वेढ्यांच्या फटींतून थर-थर करून जातात, स्क्रीनच्या तारेला फारसे लागतच नाहीत. दोन्ही बाजूंना कॅथोडला जोडलेल्या त्या दोन वळवलेल्या पट्ट्या. हे सगळे एकमेकांसमोर बसवण्यात केसाचाही फरक चालत नाही. इंग्लंडला बनवायला जड का वाटले, ते ही जुळवणी पाहून लगेच पटते.

६एल६ बाजारात येताच हॅम मंडळींनी तो ट्रान्समीटरला लावला. चालला, पण अर्धाच. त्याचे धातूचे कवच, आणि प्लेटची जोडणी खाली इतर पायांच्या दाटीतच. व्होल्टेज वाढवले की खाली ठिणगी उडे, आणि प्लेटची शक्ती ग्रिडकडे गळून तो आपोआप डोलू लागे, म्हणजे स्वतःच लहरी निर्माण करू लागे. आरसीएने थोड्याच अवधीत याच पोटात बदल करून ८०७ काढला. काचेचे अंग, आतमध्ये आडोसा, आणि प्लेट सगळ्यांपासून दूर, थेट माथ्यावरच्या टोपीत. आता ६०० व्होल्ट सहज, हौशी वापरात ७५० व्होल्टपर्यंत, ६० मेगाहर्ट्झपर्यंत पूर्ण ताकदीने. ७५० व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर म्हणजे ७५ वॉट आत, आणि त्यातले पन्नासच्या वर एरियलला. आणि हे सगळे चालवायला ग्रिडवर लागणारी शक्ती वॉटच्या अंशाएवढी. म्हणजे एक छोटा स्फटिकाचा ऑसिलेटर आणि त्यापुढे एक ८०७, अशा दोन व्हॉल्व्हमध्ये जगभर पोचणारा ट्रान्समीटर. गरीब विद्यार्थ्यालाही परवडेल अशी ही मांडणी होती. तिच्यावरच या व्हॉल्व्हची कीर्ती उभी आहे.

तेवढ्यात युद्ध आले. १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातल्या हौशी परवान्यांवर बंदी घातली आणि ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम निघाले. या बंदीतही मुंबईत एक गोष्ट घडली. नरिमन प्रिंटर हे परवाना गमावलेले हॅम. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर 'भारत छोडो'ची हाक उठली, तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांसाठी काँग्रेस रेडिओ या गुप्त केंद्राचा ट्रान्समीटर उभा करण्यात त्यांचा हात होता. लाऊडस्पीकरचा धंदा असलेल्या शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांनी सामान पुरवले. पोलीस मागावर असल्याने मुंबईत जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवर हे केंद्र बोलत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात छापा पडला, आणि उषाताईंना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. घरगुती ट्रान्समीटर बांधण्याची विद्या किती लोकांच्या हातात आहे, याची सरकारला भीती का वाटली होती, ते यावरून कळते.

८०७ तेव्हा लाखोंच्या संख्येने बनू लागला होता. अमेरिकन लष्कराने त्याला 'व्हीटी १००' म्हटले, ब्रिटिशांनी 'एटीएस २५'. रणगाड्यांत बसणाऱ्या 'वायरलेस सेट नंबर १९' मध्ये शेवटचा व्हॉल्व्ह हाच. या सेटच्या काही तुकड्यांवर बटणांची नावे इंग्रजीबरोबर रशियन लिपीतही छापलेली सापडतात, कारण ते सोव्हिएत फौजेला पाठवायचे होते. विमानांतल्या 'कमांड सेट'साठी १२.६ व्होल्टच्या हीटरचा सात पायांचा भाऊ बनला, १६२५. एका ट्रान्समीटरमध्ये दोन-दोन. रशियाने पुढे स्वतःचा जी-८०७ काढला, चीनने एफयू-७.

युद्ध संपले आणि हा डोंगर डिस्पोजलमध्ये निघाला. लंडनच्या लायल स्ट्रीटवर, न्यूयॉर्कच्या कोर्टलँड स्ट्रीटवर, आणि आपल्याकडे चोर बाजार, लॅमिंग्टन रोडवर लष्करी वायरलेसचे सामान कवडीमोल भावाने दिसू लागले. १९४८ मध्ये महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. संघटनेचा जन्मच लष्करी सिग्नलच्या छावणीत. परकीय चलनाची चणचण आणि भारी जकात यामुळे परदेशी तयार सेट विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. १९८०च्या दशकात आयातशुल्कात सवलत मिळेपर्यंत भारतीय हॅमला ट्रान्समीटर हवा असेल तर तो बांधावाच लागे. म्हणून ८०७ आपल्याकडे अमेरिकेपेक्षाही जास्त काळ टिकला.

अमेरिकेत १९५१ मध्ये नवशिक्यांसाठी 'नोव्हिस' परवाना निघाला. त्यात मर्यादा होती ७५ वॉट इनपुट, आणि फ्रिक्वेन्सी स्फटिकानेच धरायची. एका ८०७ची ताकद बरोबर तेवढीच. जॉन्सन कंपनीने एका ८०७चा 'व्हायकिंग अ‍ॅडव्हेंचरर' हा किट काढला तो याच नवशिक्यांसाठी. आवाज पाठवायचा असेल तर ८०७ दुसऱ्या अंगानेही कामाला येई. शेवटच्या टप्प्यात एक किंवा दोन ८०७, आणि त्यांना आवाजाची चढउतार देणाऱ्या मॉड्युलेटरमध्ये आणखी दोन ८०७. सगळे एकाच खोक्यातले. लाऊडस्पीकरच्या घराण्यातून आलेला व्हॉल्व्ह आपल्या मूळ कामातही कमी नव्हता. १९४९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'म्युझिशियन्स अ‍ॅम्प्लिफायर'मध्ये विल्यमसन यांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आराखड्यातले केटी-६६ व्हॉल्व्ह काढून ८०७च घातले होते.

१९५२ मध्ये आरसीएनेच ६१४६ काढला. अंगाने लहान, ताकदीने जास्त. मग आवाज पाठवण्याची सिंगल साइडबँड पद्धत आली, मग ट्रान्झिस्टर. ८०७ची सद्दी संपली.

आता तो पुन्हा का शोधला जातो, हे एखादा जुना सेट उघडूनच कळते.

जुना सेट मिळाला की पहिला मोह होतो वायर लावून बटण दाबण्याचा. ते कधीही करू नये. पन्नास-साठ वर्षे बंद असलेल्या सेटमध्ये आधी मरतात ते कंडेन्सर. इलेक्ट्रोलिटिक सुकलेले असतात, आणि मेणकागदाचे ओल धरून गळू लागलेले. दोन टप्प्यांमधला असा एक कंडेन्सर गळला, की मागच्या प्लेटचे व्होल्टेज पुढच्या ग्रिडवर जाते, आणि नवाकोरा ८०७ दोन मिनिटांत लालबुंद होऊन संपतो. कार्बनच्या रेझिस्टरची किंमत वर्षांनी वाढलेली असते. अभ्रकाचे कंडेन्सर मात्र बहुधा टिकतात. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या सेटच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ओल मुरलेली असते. तो काही दिवस मंद उष्णतेत सुकवून, मेगरने इन्सुलेशन तपासून मगच पुढे जायचे. अमेरिकन सेट ११७ व्होल्टवर चालतो, हेही विसरायचे नाही. मग इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज लॅम्प लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटून सांगतो आणि सेट वाचतो.

आणि ती माथ्यावरची टोपी. तिच्यावर सहा-साडेसातशे व्होल्ट असतात, उघडे. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये साठलेली वीज माणसाला मारू शकते. ती काढून टाकणारा ब्लीडर रेझिस्टर जुन्या सेटमध्ये तुटलेला असू शकतो. म्हणून पक्के इन्सुलेशन असलेल्या दांड्याला जाड वायर जोडून ती चासीला लावायची आणि टोपीला दांडा टेकवायचा, मगच हात घालायचा. चालू सेटवर काम करणे भागच पडले, तर दुसरा हात खिशात. बऱ्याच जुन्या ट्रान्समीटरमध्ये मोर्सची की कॅथोडच्या वाटेत असते. तिच्या धातूवर बोट ठेवणेही धोक्याचे. तिथे मी नेहमी रिले घालतो. जुनेपणा राखायचा म्हणून असली मांडणी तशीच ठेवणारे लोक आहेत. माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे.

८०७ला जरा भडकपणाही आहे. थोड्या शक्तीने चालतो, म्हणून थोड्या कारणाने स्वतःच डोलतोही, आणि तेही शंभर मेगाहर्ट्झच्या पुढे, जिथे आपण पाहतही नसतो. यावरचा जुना उपाय साधा आहे. ५० ओहमच्या आसपासच्या कार्बन रेझिस्टरवर जाड तारेचे पाच-सहा वेढे द्यायचे आणि ते टोपीच्या वायरमध्येच जोडायचे.

मग ट्यून करणे. आधी ग्रिडचा प्रवाह तीन-साडेतीन मिलिअँपिअर येईल इतकी चालना द्यायची. की दाबताच प्लेटच्या मीटरचा काटा शंभराच्या पुढे उडतो. लगेच प्लेटचा कंडेन्सर फिरवायचा. एका जागी काटा झपकन वीस-पंचवीसवर पडतो. हा 'डिप'. कॉइल आणि कंडेन्सर फ्रिक्वेन्सीशी जुळल्याची खूण. मग एरियलकडचा कंडेन्सर थोडा उघडायचा, काटा वर चढतो, पुन्हा डिप. असे करत करत शंभरावर आणून थांबायचे. प्लेट काळीच राहायला हवी. काचेवर हलका निळा उजेड दिसला तर घाबरू नये, भटके इलेक्ट्रॉन काचेवर आदळून तो होतो. प्लेट आणि कॅथोडच्या मधल्या जागेत जांभळट धूर दिसला तर मात्र व्हॉल्व्ह काढून ठेवावा.

आजच्या सेटमध्ये हे सारे एका बटणामागे गेले आहे, आणि ते चांगलेच आहे. पण शक्ती आत किती गेली, बाहेर किती आली, उरलेली उष्णता होऊन कुठे गेली, हा हिशेब काट्याच्या हालचालीत डोळ्यांसमोर दिसतो तो या सेटमध्ये. विद्यार्थ्याला रेझोनन्स शिकवायला मला याहून चांगले साधन माहीत नाही. म्हणून दुरुस्त केलेला ट्रान्समीटर काचेच्या कपाटात मांडण्यापेक्षा हवेत बोलता ठेवावा, या मताचा मी आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी आजोबांचा, काकांचा असा सेट, व्हॉल्व्हचा खोका, स्फटिक, हाताने काढलेले सर्किटचे कागद असतील, तर एक विनंती आहे. तो सेट 'चालतो का पाहू' म्हणून प्लगमध्ये घालू नका, आणि किलोच्या भावाने भंगारवाल्यालाही देऊ नका. कागद सेटबरोबरच ठेवा. कोणता कंडेन्सर कुठे बदलला याची पेन्सिलची खूण दुरुस्त करणाऱ्याला फार मोलाची असते. जवळच्या शहरातला हॅम क्लब शोधा, तिथे हे ओळखणारी माणसे अजून आहेत. आणि स्वतःच हवेत जावेसे वाटले, तर केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना काढा. तो नसताना ट्रान्समीटर चालवणे गुन्हा आहे, आणि सुरुवातीच्या वर्गाला आता मोर्सही लागत नाही.